बदकांच्या नाकातल्या जळवा आणि पाण्यावरची घरटी

पाणकणीस | ९ जून, सकाळी ७:४०

मंडळी, गेल्या रविवारी जे पाहिलं ते डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

आम्ही कॅनडात, अल्बर्टा प्रांतातल्या एडमंटनला राहतो. शहराच्या पूर्वेला एल्क आयलंड राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्यात अस्टोटिन नावाचा तलाव. इथे थंडीत तळी गोठलेली असतात. बर्फ वितळून पाणी मोकळं झालं की पाणपक्ष्यांची घरट्यांसाठी एकच धांदल उडते. ह्या गवताळ प्रदेशात लहान लहान तळी इतकी आहेत, की उत्तर अमेरिकेतली अर्ध्याहून अधिक बदकं इथल्या पट्ट्यात जन्मतात असं म्हणतात. आपल्या टिबुकलीची थोरली, लाल मानेची बहीणही इथे लव्हाळ्यांच्या कडेला तरंगतं घरटं बांधते. मी खरं तर तिच्यासाठी गेले होते.

काठाशी नीलशीर बदकाची एक मादी नऊ पिल्लं घेऊन फिरत होती. आठ पिल्लं तिच्या मागे ओळीत, नववं सारखं मागे पडत होतं. ते दर काही क्षणांनी डोकं झटकायचं, मग पाय उचलून चोच खाजवायचं, मग शिंकल्यासारखं करायचं. चोचीत गवत अडकलं असेल असं वाटलं. घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला तर नाकपुडीतून हिरवट-तपकिरी, जेलीसारखं काहीतरी लोंबत होतं. उद्यानाच्या माहिती केंद्रात फोन केला, फोटो पाठवला. तिथल्या मुलीने बघताक्षणी सांगितलं, "ती जळू आहे. बदकांची जळू."

ह्या जळवांच्या वंशाचं नाव थेरोमायझॉन. युरोपात तिची एक जात आहे, थेरोमायझॉन टेसुलॅटम, आणि इथे उत्तर अमेरिकेत तिच्या जवळच्या नात्यातल्या आणखी काही जाती. ह्यांना रक्त लागतं ते फक्त पाणपक्ष्यांचं. बदकं, हंस, टिबुकल्या, वारकरी (कूट) पक्षी यांनी पाण्यात चोच घातली की ही नाकपुडीत शिरते आणि आतल्या मऊ त्वचेला चिकटते. कधी डोळ्याच्या पापणीआड जाऊन बसते. पोट भरलं की आपणहून पाण्यात उतरते. मोठ्या बदकाला त्रास होतो, पण ते सहसा निभावून नेतं. चार दिवसांच्या पिल्लाच्या नाकात मात्र दोन-तीन शिरल्या आणि फुगल्या तर श्वास कोंडून ते मरू शकतं.

मी त्या मुलीला विचारलं, येऊन पिल्लाला पकडता येईल का, चिमट्याने काढता येईल का? ती म्हणाली, पकडायला गेलात तर आई घाबरून बाकीच्या आठांना घेऊन लांब जाईल, आणि हे एकटं पडेल. जळू उतरून जाईल, पण हरवलेल्या पिल्लाला आई परत सापडायची नाही. ऐकून मला रडू आलं. तरी तिचं म्हणणं पटलं.

मग आठवडाभर वाचत बसले. आणि जे वाचलं त्याने त्या जळवेबद्दलचा राग तसाच्या तसा उरला नाही. टेसुलॅटम ह्या जातीची जळू आयुष्यात फक्त तीन वेळा जेवते. तीन! एका जेवणानंतर दुसरं कित्येक महिन्यांनी. तिसरं जेवण झालं की पाण्यातल्या दगडाच्या किंवा पानाच्या खाली पारदर्शक पिशव्यांत अंडी घालते आणि त्यांच्यावर अंग पसरून राहते. पिल्लं बाहेर आली की तिच्या पोटाला चिकटतात, ती त्यांना घेऊन हिंडते. ह्या काळात ती स्वतः काही खात नाही. पिल्लं सुटून आपल्या पहिल्या पक्ष्याच्या शोधात गेली की ती मरते. म्हणजे काठावर एक आई नऊ पिल्लं सांभाळत होती, आणि पाण्याखाली दुसरी.

तुमच्या भागात तळ्यावरची घरटी बघणारे कोणी आहेत का? जळवा आणि पक्षी यांचं तुम्ही काय पाहिलंय?

---

देवधान | ९ जून, रात्री ९:१२

ताई, मी भंडारा जिल्ह्यातला. आमच्याकडे जळू म्हणजे रोवणी, धानाची लावणी. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, हातात घेऊन चिखलात वाकलं की संध्याकाळी पिंढरीवर दोन तरी चिकटलेल्या. तंबाखूचं पाणी, मीठ, चुना, जे हाताशी येईल ते लावायचं.

आमच्या गावचा तलाव मामा तलाव आहे. बाहेरच्यांसाठी सांगतो, मामा म्हणजे माजी मालगुजारी. कोहळी लोकांनी दोन-तीनशे वर्षांमागं बांधलेले हे तलाव, भंडारा-गोंदियात तर पावलोपावली. त्यात ढिवर बांधव मासे धरतात, शिंगाडा लावतात. शिंगाड्याचं पान उलटं केलं की खाली गोगलगायीची अंडी, किडे आणि बारक्या चपट्या जळवा. आणि त्याच पानांवर वर कमळपक्ष्याचं घरटं. घरटं कसलं, चार देठं आणि चार अंडी. अंडी नरच उबवतो, मादी दुसरा नर बघायला मोकळी.

बदकाच्या नाकात जळू मी पाहिली नाही. म्हशीच्या नाकाशी, कासेला, मांडीच्या आत मात्र लहानपणापासून पाहतो. म्हैस तलावात बसली की हाताएवढ्या लांब जळवा वळवळत येतात. म्हैस बाहेर आली की बगळे मागं लागतात. जळू कोणी खाते का हो पक्षी?

---

मिरपूड | १० जून, दुपारी ३:०५

पाणकणीस, तुम्ही लिहिलंय ते माझ्या घरात घडलंय. आम्ही इंग्लंडमध्ये श्रॉपशायरला राहतो. घरामागे जुनं तळं आहे. गेल्या वर्षी बदकं पाळली. ह्या मेमध्ये सहा पिल्लं निघाली, त्यातली दोन दहा दिवसांत गेली. पहिलं कशाने गेलं कळलंच नाही. दुसऱ्याची मान तिरकी झाली होती आणि एक डोळा पांढरा पडला होता. पशुवैद्याने दिवा लावून नाकात पाहिलं, चिमट्याने तीन जळवा काढल्या. त्या टेबलावर वळवळत होत्या आणि पिल्लू माझ्या हातात थंड होत गेलं. माझी मुलगी सात वर्षांची आहे, ती शेजारी उभी होती.

म्हणून तुमचं "पाण्याखाली दुसरी आई" वाचून मला बरं वाटलं नाही, खरं सांगते. मी तळ्यात मीठ किंवा मोरचूद टाकायचं ठरवलंय. कोणाला प्रमाण माहीत असेल तर सांगा.

---

पाणकणीस | १० जून, दुपारी ४:३०

मिरपूड, आधी तुमच्या मुलीसाठी आणि तुमच्यासाठी खूप वाईट वाटलं. तुमच्या हातात पिल्लू गेलं, मी लांबून दुर्बिणीने पाहिलं. ह्या दोन्हींत फार फरक आहे. माझं वाक्य तुम्हाला लागलं असेल तर माफ करा.

पण मोरचूद टाकू नका, हात जोडून सांगते. तांबं पाण्यात आणि गाळात राहतं. मासे, गोगलगायी, बेडकांचे डिंभ सगळं मरेल, आणि उरलेली चार पिल्लं ज्या किड्यांवर वाढायची ते किडेही.

---

अपृष्ठवंशी | १० जून, रात्री ८:४८

मी प्राणिशास्त्र शिकवतो. दोन-तीन गोष्टी जोडतो.

मिरपूडताई, मीठही नको. जळू मारण्याइतकं मीठ तळ्यात घातलं तर ते तळं तळं राहणार नाही. तुमच्या हातात एक सोपा उपाय आहे: पिल्लांना पहिले काही आठवडे त्या पाण्यात सोडू नका. कोरड्या कुंपणात ठेवा, पिण्याला आणि चोच बुडवायला खोलगट भांड्यात नळाचं ताजं पाणी द्या, रोज बदला. नाकपुड्या मोठ्या झाल्या, अंगात बळ आलं की सोडा. त्यानंतरही एखादं डोकं झटकताना दिसलं तर लगेच पशुवैद्याकडे न्या. खारं पाणी स्वतः नाकात ओतू नका, पिल्लाच्या फुफ्फुसात जाईल.

आता देवधान यांनी पाहिलेली आणि बदकाच्या नाकातली, ह्या दोन जळवा अगदी वेगळ्या घराण्यांतल्या आहेत. म्हशीला लागणारी मोठी जळू म्हणजे हिरुडिनारिया. तिला जबडे असतात, ती कातडी कापते. पोहतेही सुरेख, लाटेसारखी. ती अंडी घालते ती पाण्याच्या वर, काठच्या ओल्या मातीत, स्पंजासारख्या कोषात. पुढचं ती बघत नाही. थेरोमायझॉन हे ग्लॉसिफोनिडी कुळातलं. ह्यांना जबडे नाहीत, बारीक सोंड असते, ती त्या ऊतीत खुपसतात. म्हणून त्यांना नाकाची, डोळ्याची पातळ त्वचा लागते. ह्या अख्ख्या कुळात पिल्लं पोटाशी बाळगायची रीत आहे. ह्यातल्या हेलोब्डेला वंशातल्या काही जळवा तर पिल्लांसाठी भक्ष्य पकडून आणतात.

आणखी एक. जगात जळवांच्या सुमारे ७०० जाती आहेत आणि त्यातल्या कितीतरी रक्त पीतच नाहीत. शिंगाड्याच्या पानाखालच्या बारक्या चपट्या जळवा बहुतेक गोगलगायी आणि अळ्यांवर जगणाऱ्या असणार. भारतातल्या जळवांवरचा पायाभूत ग्रंथ हार्डिंग आणि मूर यांनी १९२७ साली लिहिला. जवळपास शंभर वर्षं झाली, आणि आपल्याकडच्या पक्ष्यांच्या नाकपुड्यांत डोकावणारे लोक आजही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. घरटी मोजतो, पिल्लं मोजतो, नाक बघायचं सुचत नाही.

---

वैद्यबाई | ११ जून, सकाळी ६:२०

मी रक्तमोक्षणासाठी, म्हणजे आयुर्वेदातल्या उपचारात दूषित रक्त काढायला, जळवा लावते, त्यामुळे हा धागा सोडवेना.

देवधानभाऊ, एक विनंती. चिकटलेल्या जळवेवर मीठ, तंबाखू, चुना टाकू नका. ती पोटातलं उलटून जखमेत टाकते आणि जखम चिघळू शकते. नखाने तिचं चूषक, म्हणजे चिकटायची चकती, कडेने सरकवा, निमुळत्या तोंडाकडचं आधी, मग मागचं. रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरू नका. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. औषधी जळवेतलं हे द्रव्य हेक्राफ्टने १८८४ साली दाखवून दिलं, पुढे त्याला हिरुडिन म्हणू लागले. बदकांच्या जळवेतही असंच एक सापडलं आहे, त्याला थेरोमिन असं नाव आहे.

मीठ लावून ओकवायची पद्धत सुश्रुतसंहितेत आहे, पण ती जळू सुटून आल्यावर, तिचं पोट रिकामं करून तिला पुन्हा वापरता यावं म्हणून. अंगाला तांदळाचा कोंडा, तोंडाला तेल आणि मीठ, आणि शेपटाकडून तोंडाकडे हलक्या हाताने पिळायचं.

पण मला सांगायचं होतं ते वेगळंच. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थान ह्या भागाच्या तेराव्या अध्यायात बारा जळवा सांगितल्या आहेत, सहा सविष, सहा निर्विष. कपिला, पिंगला, शंकुमुखी, मूषिका, पुंडरीकमुखी, सावरिका ह्या निर्विष. त्या कुठे मिळतात? निर्मळ पाण्यात, जिथे पद्म, उत्पल, नलिन, कुमुद, सौगंधिक, कुवलय, पुंडरीक आणि शेवाळ आहे तिथे. कुजक्या, घाण पाण्यातल्या त्या सविष. पाठ करताना मला ही नुसती फुलांची यादी वाटायची. काल देवधानभाऊंचं शिंगाड्याचं पान आणि त्यावरचं कमळपक्ष्याचं घरटं वाचलं आणि कळलं, की ही यादी म्हणजे एका तलावाचं वर्णन आहे. ज्याने ते लिहिलं तो गुडघाभर पाण्यात उभा राहिलेला माणूस होता. त्याच्या डोक्यावरून कमळपक्षी ओरडत गेला असेल. कमळं आहेत म्हणून जळवा आणि कमळं आहेत म्हणून घरटी. बेशरमीच्या फोफावणाऱ्या झुडपांनी तलाव भरला की दोन्ही जातात.

---

देवधान | ११ जून, रात्री १०:०१

वैद्यबाई, नखाचं ध्यानात ठेवीन. रोवणी तोंडावर आली आहे, घरच्या बायांनाही सांगतो.

बेशरमीचं अगदी खरं. आमच्या तलावाची एक बाजू तिने खाल्ली होती. ढिवर बांधवांनी दोन उन्हाळे ती उपटली आणि गाळात पाणवनस्पती लावल्या, त्यात देवधानही. माझं इथलं नाव त्यावरूनच. देवधान म्हणजे पाण्यात आपोआप उगवणारा रानभात, त्याच्या आडोशाला जांभळ्या पाणकोंबड्या आणि अडई बदकं बसतात. पहिल्या वर्षी मासे वाढले, दुसऱ्या वर्षी कमळपक्षी आला.

---

गडवाट | १२ जून, दुपारी १:१५

थोडं विषयाच्या कडेने. हिमालयाच्या पायथ्याशी आणि ईशान्येत नाकात शिरणारी जळू आहे, डायनोब्डेला फेरॉक्स. ती पक्ष्यांची नाही, गुरं, कुत्री, माकडं आणि कधी माणसं. ओढ्याचं पाणी थेट तोंड लावून प्यायलं की जाते. पहाडात आमच्या वाटाड्याच्या कुत्र्याच्या नाकात होती. त्याने कुत्र्याला बराच वेळ पाणी दिलं नाही, मग नाकाखाली गार पाण्याची वाटी धरली. पाण्याच्या ओढीने जळू बाहेर डोकावली आणि त्याने कापडाने धरून ओढली. बदकाला हा उपाय कसा करणार, ते तर पाण्यातच!

---

कवडी_पहाट | १२ जून, रात्री ९:३३

देवधान यांच्या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलं नाही. जळू पक्षी खातात, आणि आवडीने खातात.

मी पुण्याजवळच्या एका लहान तळ्यावर तीन पावसाळे टिबुकलीचं घरटं पाहतो आहे. घरटं म्हणजे कुजत्या पाणवनस्पतींचा ओला ढीग, निम्मा पाण्याखाली. अंडी घातली तेव्हा पांढरी असतात, आठवड्यात चहाच्या रंगाची होतात, कारण आई उठून जाताना प्रत्येक वेळी त्यांच्यावर ओलं शेवाळ ओढते. म्हणजे ती अंडी जळवांच्या, किड्यांच्या, गोगलगायींच्या घरातच असतात. अंड्याला जळू काही करत नाही, कवचातून तिला काही मिळत नाही. पण तिथे रोज बसणाऱ्या पक्ष्याचे पाय, पोट, चोच त्या पाण्यात असतात.

दुसऱ्या वर्षी पिल्लं पाठीवर बसायला लागल्यावर बापाने एक जळू आणली. काळपट, बोटाच्या पेराएवढी. ती त्याच्या चोचीला गुंडाळली गेली होती. त्याने पाण्यावर चार-पाच वेळा आपटून तिला सोडवलं आणि पिल्लाला दिली. ज्या ढिगाखाली जळवा आहेत, त्याच ढिगावरचं पिल्लू जळवांवर वाढतंय. तेव्हापासून "जळू पक्ष्याची शत्रू की अन्न" असं कोणी विचारलं की मला उत्तर देता येत नाही. कोणती जळू, कोणता पक्षी आणि किती दिवसांचा, एवढं आधी सांगा असं म्हणतो.

एक आग्रहाची विनंती: हा धागा वाचून कोणी घरट्याजवळ जाऊन पानं उलटी करू नका. टिबुकली घाईत उठली तर अंडी झाकायची राहतात, आणि कावळा वरून पाहतच असतो. लांबूनच बघा. डोकं झटकणं, चोच खाजवणं दुर्बिणीतून स्पष्ट दिसतं.

---

अपृष्ठवंशी | १३ जून, सकाळी ११:२७

कवडी_पहाट, छान नोंद. पाणकणीसताई, तुमच्याकडे तर मासे पकडायला गळाला लावायची जळू दुकानात विकत मिळते ना? नेफेलॉप्सिस ऑब्स्क्युरा. ती रक्तपिपासू नाही. बदकं तिला मिटक्या मारत खातात.

आणि एक जुनी गोष्ट. एका तळ्यातले जीव दुसऱ्या, न जोडलेल्या तळ्यात पोचतात कसे, हा प्रश्न डार्विनला पडला होता. त्याने बदकाचे पाय एका हौदात टांगले. त्यात पाणगोगलगायींची पिल्लं नुकतीच बाहेर पडत होती, ती त्या पायांना चिकटली. बाहेर ओल्या हवेत ती बारा ते वीस तास जगली. तेवढ्या वेळात बदक सहा-सातशे मैल उडून जाईल, असं त्याने १८५९ सालच्या पुस्तकात लिहिलं. नाकपुडीत तर ओलावा आणि ऊब दोन्ही आहेत, आणि आतली जळू जेवत बसलेली असते. तिला घाई नाही. बदक ज्या तळ्यात उतरेल तिथे ती उतरते. स्वतः जेमतेम सरपटणारा जीव, पण पक्ष्यांमुळे तळ्यातळ्यांत पोचला आहे.

---

मिरपूड | २ जुलै, सकाळी १०:५०

कळवायचं राहिलं होतं. मोरचूद आणलं नाही. उरलेली चार पिल्लं तीन आठवडे गवतावर जाळीच्या कुंपणात ठेवली, पाणी रोज दोनदा बदललं. काल पहिल्यांदा तळ्यात सोडली. मुलगी सकाळपासून काठावर वही घेऊन बसली आहे. कोणी डोकं झटकलं की रेघ मारते. आतापर्यंत तीन रेघा, पण तिचं म्हणणं आहे की त्या माशीमुळे होत्या.

राग गेला का, तर नाही. काल कुंपण काढताना दगडाखाली एक सापडली. फुगलेली, पिवळसर ठिपक्यांची, पोटाखाली केसासारखी बारीक पिल्लं हलत होती. मी दगड हातात धरून उभी राहिले. मुलीने विचारलं, "आई, ही तीच का?" मी हो म्हटलं. तिने दगड माझ्या हातातून घेतला आणि होता तसा ठेवला. मी काही बोलले नाही.

---

पाणकणीस | २७ जुलै, रात्री ८:१५

मिरपूड, तुमचं पोस्ट तीनदा वाचलं. मुलीला माझा आशीर्वाद सांगा.

आज पुन्हा अस्टोटिनला गेलो होतो. जूनमधल्या त्याच काठाला एक नीलशीर मादी पाच पिल्लं घेऊन होती, पिल्लं जवळजवळ तिच्याएवढी. तीच का, सांगता येणार नाही. पाचांतलं कोणीही डोकं झटकत नव्हतं. नर आता पिसं झडून बसले आहेत, तीन-चार आठवडे उडता येत नाही, तेव्हा लव्हाळ्यांच्या आड गुपचूप असतात. त्यांतल्या एकाचा उजवा डोळा मिटलेला होता आणि तो सारखा पायाने तिथे खाजवत होता. मी तासभर तिथे थांबले.

परत निघताना लाल मानेची टिबुकली दिसली. पाठीवर पट्ट्यापट्ट्यांच्या डोक्याचं एकच पिल्लू. जोडीदार बुडी मारून वर आला तो चोचीत लांब, काळसर, रिबिनीसारखी वळवळती जळू घेऊन. पिल्लाने धरली, सुटली. पाण्यात पडायच्या आत बापाने पुन्हा उचलली. पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा ती आत गेली, शेपूट काही क्षण बाहेर हलत होतं, मग तेही गेलं. पिल्लाने मान हलवली आणि आईच्या पिसांत डोकं खुपसलं.